आधी रूळ, मग इंजिन

विजेची मोटार घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न अलीकडे बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून वरचेवर ऐकू येऊ लागला आहे. पूर्वी रात्रीची जेवणे आटोपली, अडकित्ता हातात आला, म्हणजे बोलणे संस्थानी आठवणींकडे नाही तर कोणाच्या तरी लग्नाकडे वळत असे. आता ते बॅटरीकडे वळते. तरुण मंडळी म्हणतात, पेट्रोलचे दिवस संपले. वडीलधारी म्हणतात, वाटेत बंद पडली तर ढकलीत आणावयाची काय? आणि शेजारचे गुजराती गृहस्थ दोघांनाही थांबवून मुद्द्याचे तेवढे विचारतात, "एव्हरेज केटलुं आपे छे?" तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, परंतु तिघेही बोलतात ते मोटारीविषयी. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न मोटारीचा कमी आणि घराचा अधिक आहे. मोटार वर्षाकाठी किती धावणार आणि रात्री कोठे निजणार, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी तयार आहेत, त्याने खुशाल दुकानात पाऊल टाकावे. बाकीच्यांनी आधी घरात बसून हिशेब मांडावा.

आमच्या घरी हा प्रश्न खरोखरीच येऊन ठेपला आहे, म्हणून हे लिहिण्यास बसलो. दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूस आमचा वाडा आहे. एकाच कुळातली चार बिऱ्हाडे, मध्ये एक चौक, चौकातून बाहेर पडण्यास एकच दरवाजा. मी नोकरीतून निवृत्त झालेला. माझी पेट्रोलची मोटार चौदा वर्षांची झाली, तेव्हा दुसरीसाठी काही रक्कम मी बाजूला टाकून ठेवली आहे. माझा पुतण्या हलोलच्या एका कारखान्यात आहे. रोज चाळीस किलोमीटर जाणे आणि चाळीस येणे. रक्कम एकाच मोटारीपुरती आहे. ती मोटार कोणाची आणि कोणत्या जातीची, एवढेच ठरवावयाचे आहे. पण "एवढेच" म्हणता म्हणता सहा महिने लोटले.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विजेवर चालणारी मोटार ही कालपरवाची टूम आहे, असे समजून पुष्कळ लोक तिला भितात. वस्तुतः ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवर चालणारीच होती. कामिय झेनात्सी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने १८९९ साली तो पराक्रम केला. त्या सुमारास अमेरिकेत विजेच्या मोटारी पुष्कळ होत्या आणि पेट्रोलच्या मोटारीचा दांडा फिरविताना मनगट मोडून घेण्यापेक्षा त्या बऱ्या, असे लोकांना वाटे. पुढे १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसला, पेट्रोल स्वस्त झाले, आणि विजेची मोटार मागे पडली. आपल्या देशातही बंगळूरची छोटी "रेवा" २००१ साली रस्त्यावर आली होती. तेव्हा अडचण इंजिनाची कधीच नव्हती. अडचण होती ती बॅटरीच्या वजनाची, किमतीची आणि ती भरावी कोठे याची. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी गेल्या पंधरा वर्षांत पुष्कळच सुधारल्या. तिसरी आपल्या गल्लीत जशीच्या तशी उभी आहे.

आता शेजाऱ्यांच्या "एव्हरेज"कडे वळू. कागद-पेन्सिल घेऊन वाचकांनी स्वतःचे आकडे घालावेत. मी माझे घालतो. पेट्रोल लिटरला ९५ रुपये धरू आणि शहरातल्या गर्दीत मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते असे धरू. म्हणजे किलोमीटरला सव्वासहा रुपयांहून थोडे अधिक. विजेची लहान मोटार, भरताना वाया जाणारी वीज जमेस धरूनही, एका युनिटात ७ किलोमीटर जाते. घरच्या मीटरवर सर्व आकार धरून युनिटला ८ रुपये पडले, तर किलोमीटरला सव्वा रुपयाच्याही आत काम भागते. फरक सुमारे पाच रुपयांचा. सरकारही विजेच्या मोटारीवर १ ऑगस्ट २०१९ पासून फक्त ५ टक्के जीएसटी घेते. गुजरात सरकारने २०२१ ते २०२५ या चार वर्षांत अशा मोटारींस अनुदानही दिले होते. इतके करूनही साधारण तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या मोटारीपेक्षा ती महागच पडते. तो फरक आपण तीन लाख धरू.

तीन लाख रुपये किलोमीटरला पाच-सव्वापाच रुपयांनी फेडावयाचे म्हणजे मोटार ५७ ते ६० हजार किलोमीटर धावली पाहिजे. पुतण्या वर्षाचे तीनशे दिवस रोज ऐंशी किलोमीटर जातो, म्हणजे चोवीस हजार किलोमीटर. त्याचा फरक अडीच वर्षांत फिटतो आणि पुढचे सारे शिलकीत. मी मात्र सकाळी भाजीला, संध्याकाळी सुरसागराकडे, महिन्यातून दोनदा दवाखान्यात आणि अधूनमधून व्याख्यानाला जाणार. ओढून ताणून दिवसाला वीस किलोमीटर धरले तरी वर्षाचे सहा हजार. मला तो फरक फेडण्यास दहा वर्षे लागतील! आणि घरी भरण्याची सोय नाही म्हणून बाहेरच्या केंद्रावर युनिटला वीस रुपये देत बसलो, तर चौदा. या वयात चौदा वर्षांचा वायदा करणारा मनुष्य आशावादी खरा. पण त्याला हिशेबी कोणी म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, पैशांचे सोडा. हवेचा, धुराचा काही विचार कराल की नाही? अवश्य करू, आणि तोही आकड्यांनीच करू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. म्हणजे किलोमीटरला दीडशे ग्रॅम. आपल्या देशातील बरीचशी वीज अजून दगडी कोळशापासूनच होते आणि एका युनिटामागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास तोच वायू बाहेर पडतो; सात किलोमीटरांत वाटला तर किलोमीटरला शंभर ग्रॅम. म्हणजे "विजेची मोटार धूर करीत नाही" हे म्हणणे अर्धेच खरे. ती आपल्या गल्लीत धूर करीत नाही. तो दूर कोठे तरी उंच धुराड्यातून निघतो. तरीही तो एक तृतीयांशाने कमी असतो, आणि जसजशी सूर्याची व वाऱ्याची वीज वाढेल तसतसा आणखी कमी होईल. आपल्याच बडोदे शाखा कालव्यावर २०१५ साली १० मेगावॅटची सौर छपरे उभी राहिली, आणि घरांच्या छतांवरच्या सौरविजेत गुजरात आज देशात आघाडीवर आहे. पण येथेही एक मेख आहे. बॅटरी तयार करतानाच पुष्कळ धूर निघून गेलेला असतो. हे कर्ज मोटार धावूनच फिटावयाचे असते. जी मोटार चौकात झाकण घालून उभी राहते आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून घेते, ती ते कर्ज कधी फेडणार? पैशांचा हिशेब आणि धुराचा हिशेब या ठिकाणी अगदी एकमताचे आहेत: जी मोटार फार धावते, तिनेच आधी विजेवर जावे.

यातून घराघरांत एक नाजूक गोष्ट उपस्थित होते, ती कोणी बोलून दाखवीत नाही. नवी मोटार आली की ती घरातल्या कर्त्या वडिलांची, आणि त्यांची जुनी मुलाची किंवा पुतण्याची, असा आपल्याकडचा रिवाज आहे. पूर्वी घोडागाडीच्या बाबतीतही हेच होते. म्हणजे ज्याला रोज ऐंशी किलोमीटर जावयाचे त्याच्या वाट्याला धूर काढणारे खटारे, आणि ज्याला सुरसागरापर्यंत जावयाचे त्याच्या दाराशी नवी विजेची मोटार. पुतण्या हे मला कधी म्हणणार नाही. "काका, तुम्ही घ्याल ती चांगलीच," एवढेच तो म्हणतो. पण तो म्हणत नाही म्हणून मी ते ओळखू नये, असे थोडेच आहे? या एका बाबतीत मान वयाला न देता किलोमीटरांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता दुसरा प्रश्न: मोटार रात्री कोठे निजणार? पेट्रोलच्या मोटारीला निजावयास कोठलीही जागा चालते. विजेच्या मोटारीला भिंतीजवळची जागा लागते, आणि त्या भिंतीत चांगला प्लग लागतो. पंधरा अँपिअरच्या घरगुती प्लगवरून तासाला सुमारे तीन युनिटे मिळतात. पुतण्याच्या ऐंशी किलोमीटरांना साडेअकरा युनिटे, म्हणजे चार तास. रात्री दहाला जोडावी, दोनला पोट भरले. काही अवघड नाही. अवघड आहे तो वाडा. आमच्या वाड्यातले वायरिंग अजून निम्मे लाकडी पट्टीवरचे आहे. चार तास सतत तेवढा भार सोसावयाचा म्हणजे जाड तार, वेगळा स्विच आणि मुख्य म्हणजे नीट घातलेले अर्थिंग हवे, नाही तर चार पिढ्यांचा सागवान एका रात्रीत गमावण्याची वेळ येईल. मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. चौकातला मीटर सामाईक, बिल चौघांत वाटले जाते. पुतण्याच्या मोटारीला महिन्याला पावणेतीनशे-तीनशे युनिटे लागतील, म्हणजे तेवीसशे रुपये. पेट्रोलच्या साडेबारा हजारांपुढे ही रक्कम काहीच नाही. पण सामाईक बिलात ती पडली की भाऊबंदकीला पुरेशी आहे. आपल्या कुळांतून याहून लहान कारणांसाठी दोन-दोन पिढ्या अबोला चाललेला आपण पाहिला आहे.

आणि आमचा निदान चौक तरी आहे. पोळीत राहणाऱ्यांचे काय? शियापुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात, मांडवीच्या आतबाहेर असंख्य घरांची मोटार रात्री जेथे जागा मिळेल तेथे, कधी दोन गल्ल्या पलीकडे उभी असते. तेथे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तार सोडावी काय? विजेच्या मोटारीचा खरा फायदा घरच्या स्वस्त विजेत आहे, आणि घरचा प्लग ज्याच्या मोटारीपर्यंत पोहोचतो तो बहुधा अलकापुरीतला बंगलेवाला. म्हणजे ज्याला सवलतीची गरज कमी, त्यालाच ती पुरी मिळते. हा अन्याय कोणी मुद्दाम केलेला नाही. पण न केलेले अन्यायही कोणी तरी दूर करावे लागतात.

येथे बडोद्याच्याच इतिहासातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८६२ साली महाराज खंडेराव गायकवाड यांनी मियागाव ते डभोई असा अडीच फूट रुंदीचा, सुमारे वीस मैलांचा रूळमार्ग टाकला. हिंदुस्थानातील पहिला अरुंद मापाचा रेल्वेमार्ग तो हाच. विलायतेहून इंजिनेही आणविली. पण रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिनाचा भार पेलवेना. मग काय करावयाचे? डबे बैलांनी ओढले! लोखंडी रुळांवरून गाड्या, आणि पुढे बैलजोडी. पुढे १८७३ साली जड रूळ टाकले, तेव्हा कोठे त्या मार्गावर इंजिन रीतसर धावू लागले. आज आपण ही गोष्ट हसत सांगतो. पण हसण्यासारखे त्यात काय आहे? महाराजांची दृष्टी बरोबर होती, इंजिनही बरोबर होते. रूळ तेवढे तयार नव्हते. २०२१ च्या जानेवारीत प्रतापनगरहून डभोईमार्गे केवडियापर्यंत विजेवर चालणारी आगगाडी सुरू झाली. ज्या डभोईस बैलांनी ओढलेली गाडी पोहोचली, तेथून आज विजेची गाडी जाते. मध्ये दीडशे वर्षे लोटली, आणि त्यांतला बराचसा काळ रूळ बदलण्यातच गेला.

विजेच्या मोटारीची आज नेमकी हीच अवस्था आहे. इंजिन आले, पोळीतला रूळ यावयाचा आहे. तो रूळ म्हणजे रस्त्याकडेचा प्लग. दिव्याच्या खांबाला, सार्वजनिक वाहनतळाच्या भिंतीला, शाळेच्या मैदानाच्या कडेला जेथे रात्री मोटारी उभ्या राहतात तेथे, साधा, मंद गतीचा, घरच्या दराने वीज देणारा प्लग. महामार्गावर अर्ध्या तासात बॅटरी भरणारी मोठी केंद्रे व्यापारी स्वतःच्या नफ्यासाठी उभारतीलच, आणि उभारीतही आहेत. असे केंद्र चालविण्यास वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राच्या वीज मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. पोळीच्या तोंडाशी प्लग लावण्यात मात्र फारसा नफा नाही, म्हणून ते काम नगराचे. आपली महानगरपालिका ज्या इमारतीत बसते तिचे नाव खंडेराव मार्केट आहे, याची आठवण तिच्या कारभाऱ्यांस करून द्यावीशी वाटते.

पुराचा विषय टाळून बडोद्यात कोणत्याच मोटारीविषयी लिहिता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा नदीकाठच्या वसाहतींतून किती मोटारी बुडाल्या हे सर्वांनी पाहिले आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या सोसायटीत तळघरातले पाणी दोन दिवस उतरले नाही. "दादा, मोटारींच्या टपावरून बेडूक फिरत होते," असे ती सांगत होती. विजेच्या मोटारीत पाणी शिरले की शॉक बसतो, ही भीती बहुतांशी फोल आहे. चांगल्या बॅटरीची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशा कसोटीस उतरलेली असते. परंतु अर्धा तास म्हणजे दोन दिवस नव्हेत. बुडालेले पेट्रोलचे इंजिन कारागीर खोलून, पुसून पुष्कळदा चालू करतो. बुडालेली बॅटरी बदलावी लागली तर मोटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला. तेव्हा नदीकाठी, तळघरात मोटार ठेवणाऱ्याने विम्याच्या कागदात बॅटरीचा उल्लेख आहे की नाही हे आधी पाहावे आणि पावसाळ्यात उंचावरची जागा हेरून ठेवावी. आमचा वाडा उंचवट्यावर आहे, हे आमच्या पूर्वजांचे शहाणपण या वेळी कामास आले.

बॅटरीचे आयुष्य हा पुढचा धसका. बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी देतात. बॅटरी त्या दिवशी मरत नाही. तिची धाव हळूहळू कमी होते. आपल्या मे महिन्याच्या उन्हात लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी अधिक बरी टिकते, म्हणून विकत घेताना जात विचारण्यास लाजू नये. लग्न जुळविताना आपण काय काय विचारतो ते आठवावे. ज्यांना बॅटरीची किंमत एकदम देणे जड जाते त्यांच्यासाठी भाड्याचीही सोय निघाली आहे. हलोललाच तयार होणारी विंडसर २०२४ साली बाजारात आली ती बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये भाडे घेऊन. भाडे आणि वीज मिळून खर्च पेट्रोलच्या जवळ जातो. तेव्हा करारात दरमहा किमान किलोमीटरांची काही अट असली तर ती चष्मा लावून वाचावी.

राहता राहिला लांबचा प्रवास. लहान बॅटरीवर एका दमात दीडशे-दोनशे किलोमीटर होतात. गरुडेश्वर, चांदोद, पावागड ही आपली नेहमीची ठिकाणे त्यात बसतात. अहमदाबाद जाऊन येण्यास मध्ये एकदा थांबावे लागेल. पुण्याला लग्नासाठी जावयाचे म्हणजे तीन-चार थांबे, आणि आजही त्यासाठी आपण आगगाडीच पसंत करतो. वर्षातून दोनदा करावयाच्या प्रवासासाठी वर्षभराची मोटार निवडणे म्हणजे पंक्तीच्या हिशेबाने रोजच्या भाताचे पातेले घेण्यासारखे आहे.

तेव्हा आमच्या घरापुरता निर्णय मी पुढीलप्रमाणे केला आहे. बाजूला टाकलेली रक्कम पुतण्याच्या विजेच्या मोटारीस द्यावयाची. चौकात तिच्यासाठी वेगळा मीटर बसवावयाचा, त्याचे बिल त्याने भरावयाचे आणि तसे चारही बिऱ्हाडांच्या सहीने कागदावर लिहून ठेवावयाचे. लाकडी पट्टीचे वायरिंग, मोटार येवो अथवा न येवो, या दिवाळीच्या आत बदलावयाचे. माझी जुनी मोटार विकून टाकावयाची. भाजीला पिशवी घेऊन पायी जाईन, व्याख्यानाला रिक्षाने. आणि रविवारी वहिनींना व मला गरुडेश्वरास न्यावयाचे काम पुतण्याचे. त्याने ते आनंदाने पत्करले आहे. सूनबाईंनी फक्त रंग निवडण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

प्रत्येक घरी उत्तर हेच येईल असे नाही. जो रोज चाळीस किलोमीटरांहून अधिक जातो आणि ज्याच्या हाती स्वतःचा मीटर व स्वतःची भिंत आहे, त्याने आता थांबू नये. जो कमी धावतो, त्याने चालती मोटार चालेल तोवर वापरावी. त्यात मागासलेपणा नाही. आणि ज्याला भिंतच नाही, त्या पोळीतल्या माणसाने मोटारीची जाहिरात पाहण्याआधी आपल्या नगरसेवकाकडे प्लगची मागणी लेखी द्यावी, एकट्याने नव्हे, साऱ्या पोळीने मिळून. खंडेरावांच्या बैलांनी अकरा वर्षे गाडी ओढली, कारण दुसरा इलाज नव्हता. आपल्यापाशी इलाज आहे. तो मागून घेण्याचा आळस तेवढा करू नये.